विश्लेषण : तांबे महागले, पण स्टीरिओच्या केबलला हजारो रुपये कशासाठी?

तांब्याच्या दराने उच्चांक गाठल्यापासून वायरच्या दुकानात ‘माल वाढलाय’ हे उत्तर नेहमीचे झाले आहे. घराच्या वायरिंगची गुंडाळी घेताना ते पटतेही. मात्र अ‍ॅम्प्लिफायरला टीव्ही, सीडी प्लेअर किंवा मोबाइल जोडणारी मीटरभर लांबीची केबल कुठे दीडशे रुपयांना, तर कुठे पंधरा हजारांना मिळते, तेव्हा हा फरक तांब्याचा की जाहिरातीचा, असा प्रश्न पडतो. मोटारींच्या तारा जिथे रोज कापल्या, जोडल्या आणि तपासल्या जातात, त्या पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यातील ग्राहकाला या प्रश्नाचे उत्तर शोधणे तुलनेने सोपे आहे.

तांब्याचे दर का वाढले?

लंडन मेटल एक्स्चेंजमध्ये मे २०२४ मध्ये तांब्याचा दर पहिल्यांदाच टनाला ११ हजार डॉलरच्या वर गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये तोही उच्चांक मोडला. विजेवरील वाहने, सौरऊर्जा आणि डेटा सेंटर यांची मागणी वाढती आहे. त्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये इंडोनेशियातील ग्रासबर्ग या अवाढव्य खाणीत चिखलाचा लोंढा घुसून दुर्घटना झाली आणि पुरवठ्याची चिंता आणखी वाढली. भारताची अडचण त्याआधीची आहे. वर्षाला चार लाख टन क्षमतेचा तुतिकोरिनचा प्रकल्प मे २०१८ मध्ये बंद झाला आणि शुद्ध तांबे निर्यात करणारा आपला देश आयातदार बनला. मार्च २०२४ मध्ये गुजरातेत मुंद्रा येथे नवा प्रकल्प सुरू झाला असला, तरी आपल्याकडील दर आंतरराष्ट्रीय बाजाराला बांधलेलाच आहे.

या भागाचा तारांशी संबंध काय?

फिनोलेक्स केबल्स ही कंपनी १९५८ मध्ये पुण्यात सुरू झाली. तिचे सुरुवातीचे उत्पादन होते वाहन उद्योगासाठी लागणाऱ्या पीव्हीसी आवरणाच्या तारा. आज पिंपरीत आणि द्रुतगती मार्गालगत उर्से येथे तिचे कारखाने आहेत. पिंपरीत टेल्को, आकुर्डीत बजाज, पुढे चाकणमध्ये १९९९ पासून बजाज आणि २००९ पासून फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ अशी वाहन कारखान्यांची रांग लागली. त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लहान-मोठे उद्योग भोवती उभे राहिले. ‘वायरिंग हार्नेस’ म्हणजे गाडीतील तारांचा जुडगा हा त्यातील एक महत्त्वाचा भाग. आधुनिक मोटारीत सगळ्या तारांची एकत्रित लांबी किलोमीटरच्या पुढे जाते. एखादे टर्मिनल सैल राहिले तरी ब्रेकचा दिवा लागत नाही किंवा गाडी रस्त्यात बंद पडते. त्यामुळे तेथे तार ‘चांगली’ आहे असे सांगून भागत नाही. टर्मिनल ओढून पाहिले जाते, प्रत्येक जोडणीतून प्रवाह जातो का हे तपासले जाते. या कामावर असलेले हजारो तरुण पगारातून घरी स्टीरिओ घेतात, तेव्हा मात्र केबल निवडण्यासाठी त्यांच्यापुढे असतात ती फक्त विशेषणे : ‘प्रीमियम’, ‘हाय-एंड’, ‘स्टुडिओ ग्रेड’.

इंटरकनेक्ट केबल म्हणजे नेमके काय?

एका उपकरणाकडून दुसऱ्याकडे ध्वनीचा कमी ताकदीचा विद्युत संदेश नेणारी ही केबल. लाल-पांढऱ्या पिनांची आरसीए केबल हा तिचा सर्वांत परिचित प्रकार. हे नाव ‘रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका’ या कंपनीवरून पडले आणि १९३० च्या दशकापासून ही पिन वापरात आहे. मोबाइल किंवा लॅपटॉपच्या ३.५ मिलिमीटर जॅकपासून दोन आरसीए पिनांपर्यंत जाणारी केबलही याच वर्गातली. अ‍ॅम्प्लिफायरकडून स्पीकरकडे जाणारी वायर वेगळी असते. तिच्यातून मोठा प्रवाह वाहतो, म्हणून तिचे नियमही वेगळे आहेत. दुकानात या दोन्हींची सरमिसळ करून सांगितले जाते आणि गोंधळाची सुरुवात तिथूनच होते.

केबलच्या किमतीत तांब्याचा वाटा किती?

अंदाज घरबसल्या करता येतो. मीटरभर लांबीच्या चांगल्या जोडकेबलमध्ये, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही तारा आणि त्यांभोवतीची जाळी धरून, साधारण २५ ग्रॅम तांबे आहे असे समजू. दर टनाला १० हजार डॉलर धरला तर किलोला १० डॉलर होतात आणि २५ ग्रॅमला पाव डॉलर, म्हणजे वीस-बावीस रुपये. दर दीडपट झाला तरी वाढ दहा-अकरा रुपयांची. नव्वद मीटरच्या घरगुती वायरच्या गुंडाळीत हा फरक खिशाला जाणवतो. मीटरभर ऑडिओ केबलमध्ये तो चहाच्या कपाएवढा आहे. तेव्हा ‘तांबे महागले म्हणून केबल दोन हजारांनी वाढली’ हे कारण हिशेबात बसत नाही.

महाग केबलने आवाज सुधारतो का?

येथेही आकडे बोलतात. पाव चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या मीटरभर तारेचा रोध सुमारे ०.०७ ओहम असतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटचा रोध सहसा १० हजार ओहम किंवा त्याहून अधिक असतो. एवढ्या मोठ्या रोधापुढे तारेच्या रोधाने आवाजात फरक पडत नाही. दुसरा मुद्दा केबलच्या कपॅसिटन्सचा. तो वाढला की वरच्या पट्टीतील आवाज दबू शकतो. एक हजार ओहम आउटपुट रोध असलेले उपकरण आणि मीटरला १०० पिकोफॅरडची दोन मीटर केबल धरली, तर हा परिणाम सुमारे ८ लाख हर्ट्झच्या आसपास सुरू होतो. माणसाच्या कानाची मर्यादा २० हजार हर्ट्झची आहे. म्हणजे परिणाम आपल्या ऐकण्याच्या कक्षेच्या चाळीसपट पलीकडे आहे.

‘ऑक्सिजन-फ्री कॉपर’ या शब्दाचा बराच गाजावाजा होतो. वीजवहनासाठी वापरले जाणारे नेहमीचे तांबेही किमान ९९.९० टक्के शुद्ध असते. त्यात आणि ऑक्सिजनमुक्त तांब्यात वीजवहनाचा फरक जेमतेम एखादा टक्का. चांदी तांब्याहून सहा-सात टक्क्यांनीच सरस. सोने तर वीजवहनात तांब्याच्या मागे आहे. त्याचा उपयोग वेगळा : ते गंजत, काळवंडत नाही. पावसाळ्यातील दमटपणात सोन्याचा पातळ मुलामा असलेली पिन टिकते, एवढाच त्याचा खरा फायदा.

ऐकून केलेल्या चाचण्यांचे निष्कर्षही याच दिशेचे आहेत. ‘स्टीरिओ रिव्ह्यू’ या अमेरिकी मासिकाने १९८३ मध्ये स्पीकर वायरची अशी चाचणी घेतली होती. त्यात संगीत ऐकताना पुरेशी जाड साधी वायर आणि नावाजलेली महाग वायर यांतला फरक श्रोत्यांना खात्रीने ओळखता आला नाही. २००७ मध्ये जेम्स रँडी यांनी ७,२५० डॉलर किमतीच्या स्पीकर केबलमधील फरक डोळे झाकून ओळखून दाखवणाऱ्यास दहा लाख डॉलर देऊ केले. बरीच चर्चा झाली, चाचणी मात्र झालीच नाही.

मग स्वस्तातली कोणतीही केबल चालेल का?

नाही. स्वस्त केबल बिघडते, पण तिचे दोष यांत्रिक असतात. पिनेच्या आत तार नीट डाखलेली नसते, ओढ बसली की सुटते आणि एका बाजूचा स्पीकर खरखरत बंद पडतो. पिनेचा बाहेरचा कडा सैल असतो, त्यामुळे सॉकेटमध्ये ती डुगडुगते. काही केबलमध्ये तो इतका घट्ट असतो, की काढताना अ‍ॅम्प्लिफायरचे सॉकेटच उखडते. तिसरा दोष शिल्डचा. आतल्या तारेला बाहेरच्या विद्युत गोंगाटापासून वाचवणारे हे आवरण चांगल्या केबलमध्ये तांब्याच्या तारांची दाट जाळी असते. अगदी स्वस्त केबलमध्ये काही तारा नुसत्या पिळ देऊन गुंडाळलेल्या असतात.

या जाळीचे दुसरेही काम आहे. आरसीए केबलमध्ये संदेशाच्या परतीचा मार्ग हीच जाळी असते. दोन उपकरणांमध्ये विजेची किरकोळ गळती असली तर ती याच मार्गाने वाहते. जाळी विरळ असेल तर तिचा रोध वाढतो आणि ती गळती ‘हमिंग’ म्हणजे घुमणारा आवाज होऊन स्पीकरमधून ऐकू येते. केबलवर दीडशेऐवजी चार-पाचशे रुपये खर्च करण्याचे सर्वांत ठोस कारण हे आहे. त्यापुढील पैशांसाठी असे कारण सापडत नाही.

कुठे जास्त काळजी घ्यावी लागते?

तीन ठिकाणी. पहिले टर्नटेबल. रेकॉर्डची सुई जो संदेश देते तो अवघ्या काही मिलिव्होल्टचा असतो. सीडी प्लेअरचा दोन व्होल्टपर्यंत जातो. त्यामुळे टर्नटेबलची केबल आखूड, उत्तम शिल्डची आणि कमी कपॅसिटन्सची हवी. येथे कपॅसिटन्सचा परिणाम खरोखर ऐकू येतो. सुईच्या माहितीपत्रकात तो किती असावा हे दिलेले असते. अर्थिंगची वेगळी बारीक वायर असेल तर ती फोनो प्रीअ‍ॅम्पच्या स्क्रूला जोडायला विसरू नये.

दुसरे लांब अंतर. हॉलच्या एका टोकाला टीव्ही आणि दुसऱ्या टोकाला अ‍ॅम्प्लिफायर असेल, तर दहा मीटर आरसीए ओढण्यापेक्षा ऑप्टिकल केबल बरी. मात्र अ‍ॅम्प्लिफायरला डिजिटल इनपुट किंवा मध्ये ‘डॅक’ हे छोटे उपकरण लागते. स्वस्त डॅक लावल्यावर आवाजच येत नसेल, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये ऑडिओ ‘पीसीएम’वर ठेवावा. बहुतेकदा तेवढ्याने प्रश्न सुटतो.

तिसरे स्पीकर वायर. येथे जाडी महत्त्वाची असते आणि फसवणूकही येथेच अधिक. पाच मीटर अंतरावरील आठ ओहमच्या स्पीकरला पाऊण चौरस मिलिमीटरची वायर लावली, तर जाऊन-येऊन रोध सुमारे ०.२३ ओहम होतो. दीड चौरस मिलिमीटरला तो निम्मा होतो. स्पीकरच्या पाच टक्क्यांच्या आत रोध राहिला की पुरे, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे आठ ओहमला ०.४ ओहम. साधी तांब्याची वायर या कसोटीला सहज उतरते. पण बाजारात ‘सीसीए’ नावाने तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या वायरही विकल्या जातात. त्यांचा रोध त्याच जाडीच्या तांब्याच्या सुमारे दीडपट असतो. त्या वारंवार वाकवल्या की तुटतात. ओळखायचे कसे? तारेचे टोक ब्लेडने खरवडावे. आत पांढरट धातू दिसला तर ते अ‍ॅल्युमिनियम. हातात घेतल्यावर वजनही तांब्याच्या निम्म्याहून कमी लागते. तांबे महाग झाले की अशा मालाला उठाव येतो, म्हणून सध्या हे तपासणे अधिक गरजेचे.

हमिंग थांबवण्यासाठी अर्थिंगची पिन काढावी का?

अजिबात नाही. केबलच्या खरेदीत सर्वांत महाग पडू शकणारी चूक हीच आहे. अनेक घरांत प्रसंग असा घडतो : टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि अ‍ॅम्प्लिफायर जोडताच स्पीकर घुमू लागतो. महाग केबल आणली तरी आवाज जात नाही. मग कोणी तरी सुचवते, ‘प्लगची वरची जाड पिन काढून टाक.’ हमिंग खरोखर थांबते आणि उपाय लागू पडला असे वाटते. प्रत्यक्षात ती जाड पिन अर्थिंगची असते. उपकरणात बिघाड होऊन धातूच्या पेटीत वीज उतरली, तर ती जमिनीत नेणारा मार्ग तोच. तो तोडला की ती वीज पेटीला हात लावणाऱ्याच्या शरीरातून मार्ग शोधते. अ‍ॅम्प्लिफायरला केबलने जोडलेला मोबाइल हातात धरलेले मूलही त्याच मार्गावर असते. काही जुन्या घरांत तर अर्थिंगची वायर बोर्डापर्यंत पोहोचलेलीच नसते. तिथे आधी परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. तो खर्च कोणत्याही केबलच्या आधी येतो. दोन पिनांचा प्लग मुळातच असलेली, चौकोनात चौकोन हे चिन्ह असलेली उपकरणे दुहेरी आवरणाची असतात. त्यांची गोष्ट वेगळी.

हमिंगचे मूळ बहुधा ‘ग्राउंड लूप’ हे असते. दोन उपकरणे अर्थिंगला दोन वेगवेगळ्या वाटांनी जोडली जातात आणि त्या कड्यातून ५० हर्ट्झचा प्रवाह फिरतो. त्याचा शोध फुकट घेता येतो. आधी अ‍ॅम्प्लिफायरच्या सर्व केबल काढाव्यात. तरीही आवाज असेल तर दोष अ‍ॅम्प्लिफायरचा. नसेल तर एकेक उपकरण जोडत जावे. सेट-टॉप बॉक्स जोडल्यावर हमिंग आले, तर गच्चीवरून किंवा जिन्यातून आलेली डिश अथवा केबल टीव्हीची वायर काढून पाहावी. लॅपटॉपमुळे येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहावा. दोषी सापडला की उपाय स्वस्त आहेत : सर्व उपकरणे एकाच बोर्डावर घेणे, काही शे रुपयांचा ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ ऑडिओ केबलच्या मध्ये लावणे किंवा टीव्हीसाठी ऑप्टिकल केबल वापरणे. ऑप्टिकलमधून प्रकाश जातो, वीज जात नाही. त्यामुळे कडे आपोआप तुटते.

खरेदी करताना काय तपासावे?

लांबी आधी मोजावी आणि गरजेपेक्षा अर्धा मीटर जास्त घ्यावी. पाच मीटर घेऊन गुंडाळून ठेवू नये. पिन सॉकेटमध्ये घट्ट बसावी, पण काढताना झटापट करावी लागू नये. पिन आणि केबल यांच्या सांध्यावर ताण झेलणारे रबरी आवरण असावे. पिनेचे टोपण फिरवून उघडता येत असेल तर आतले डाख पाहता येते आणि दुरुस्तीही होते. केबलवर छापलेला बाण पाहून भुलू नये. ध्वनीचा संदेश दोन्ही दिशांना आलटून-पालटून वाहतो, तांब्याला दिशा नसते. काही केबलमध्ये शिल्ड एकाच टोकाला जोडलेले असते, त्यांच्यावरील बाणाला मात्र अर्थ असतो.

दोनतीनशे रुपयांचा मल्टिमीटर सर्वांत उपयोगी. केबलच्या एका टोकाच्या मधल्या पिनेपासून दुसऱ्या टोकाच्या मधल्या पिनेपर्यंत बीप वाजायला हवी. बाहेरच्या कड्यापासून बाहेरच्या कड्यापर्यंतही वाजायला हवी. मधली पिन आणि बाहेरचे कडे यांत वाजता कामा नये. तपासताना केबल हलवत राहावे. बीप तुटक झाली तर केबल परत करावी. हार्नेसच्या कामावरचा कोणीही ही चाचणी ओळखेल.

डाख काम जमत असेल तर मीटरवर मिळणारी जाळीदार मायक्रोफोन केबल आणि सुट्या आरसीए पिना घेऊन स्वतः जोडणे हा सर्वांत किफायतशीर मार्ग. पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत हा सगळा माल मिळतो. पिंपरीहून मेट्रोने मंडई स्थानकाला उतरून तिथे चालत जाता येते. डिशची ताठ केबल मात्र यासाठी वापरू नये. तिच्यात मधली तार अनेकदा तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची आणि जाळी अ‍ॅल्युमिनियमची असते, त्यावर डाख धरत नाही.

फसवणूक झाली तर?

बंद पाकिटावर कमाल किरकोळ किंमत, उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, तक्रारीसाठी संपर्क आणि आयात माल असेल तर मूळ देश छापणे वजनमापे कायद्याखालील २०११ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. पाकिटावर ‘शंभर टक्के तांबे’ असे लिहून आत सीसीए निघाले, तर ती थेट दिशाभूल ठरते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये फसव्या जाहिरातींविरुद्ध तरतूद आहे आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये त्याबाबत मार्गदर्शक सूचनाही काढल्या आहेत. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. बिल, पाकीट आणि खरवडलेल्या तारेचा फोटो जपून ठेवावा. ‘आवाज मोकळा होतो’, ‘गायकाचा श्वास ऐकू येतो’ अशा दाव्यांवर तक्रार करणे कठीण, कारण ते मोजता येत नाहीत. म्हणूनच विक्रेत्यांना ते सोयीचे असतात.

मग पैसे कुठे घालावेत?

चाळीस हजारांचा स्टीरिओ संच घेणाऱ्याने केबलवर हजार-बाराशेच्या वर जाण्याचे कारण नाही. उरलेल्या पैशांत चांगले स्पीकर येतात आणि आवाजात खरा फरक तेच पाडतात. त्यानंतर खोली. उघड्या फरशीवर जाड सतरंजी, खिडकीला पडदा आणि स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे, एवढ्याने जो बदल होतो तो कोणत्याही केबलने होत नाही. गाडीच्या कारखान्यात तार चाचणीत उतरली की पास आणि नाही उतरली की बाद. तिची किंमत तेथे कोणी ऐकून ठरवत नाही. बैठकीच्या खोलीतही हीच शिस्त लावली, तर तांब्याचा दर कितीही चढला तरी गाणे महाग होणार नाही.